गिऱ्हाण सुटल्यावरचं पाणी

मित्रांनो, पोटभर खाऊ घालणाऱ्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. सोनाजीनं माझ्या घरात येऊन जे केलं, ते एखाद्या वैऱ्यानं केलं असतं तर दोन शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. त्यानं ते हात जोडून, देवाचं नाव घेऊन केलं. म्हणून ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

मी एक म्हातारी सोनेरी मासळी आहे. हिंगोलीला टेसनाच्या मागं तातेराव तारबाबूंचं घर आहे. त्यांच्या अंगणात आडाशेजारी एक दगडी डोण आहे. पूर्वी तिच्यात गुरं पाणी पीत, आता तिच्यात मी राहते. माझा जन्म मात्र हैदराबादेतला, एका बागेतल्या कारंज्याच्या हौदातला. हे मुद्दाम सांगते, कारण इथल्या बेडकांना वाटतं, मीही त्यांच्यासारखी नाल्यातून वाहत आले. तातेराव तारेचं काम शिकायला तिकडे गेले होते. परत येताना त्यांनी मला लोणच्याच्या बरणीत घातलं, वर फडकं बांधलं आणि आगगाडीनं आणलं. बरणीला मोहरीचा वास होता. मोहरीचा तिटकारा मला तेव्हापासून आहे.

पहिली दोन-तीन वर्षं माझा मोठा थाट होता. गाडी सुटायला वेळ असला की लोक टेसनातून मला बघायला येत. तहसिलातले एक साहेब काठी टेकीत आले आणि ‘बहोत खूब’ म्हणाले. मी शेपटी फिरवून त्यांना पाठ दाखवली. पहिल्याच भेटीत सगळं दाखवायचं नसतं.

पुढं तातेरावांनी माझ्या जोडीला लांब्या आणला. आमचा संसार वाढला. मित्रांनो, मासळी आपलीच अंडी खाते. मीही खाल्ली, लपवून काय करू? तीन पिल्लं शेवाळात दडली म्हणून वाचली. दोन धाकटी, आणि त्यांच्याआधीची एक, जिच्या पाठीवर काळा ठिपका होता. तिला घरात सगळे ठिपकी म्हणत. माझ्याच तोंडातून वाचलेली लेक ती. तिच्यावर माझा जीव जरा जास्तच होता, आणि त्याची मला लाजही वाटत असे.

मग दुनियेची मोठी लढाई सुरू झाली. तारा वाढल्या, तातेराव घरी फक्त झोपायला येऊ लागले. डोणीकडे बघायला त्यांना फुरसत उरली नाही. पण त्यांची बायको पार्वतीबाई होती. दर चार दिवसांनी ती दोन घागरी पाणी काढायची आणि दोनच घागरी घालायची. तेही आडाचं थेट नाही. आदल्या दिवशी उन्हात ठेवून कोमट झालेलं, अंगणातल्या रांजणातलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनंही कोणाला कधी सांगितलं नाही.

लढाईच्या पाचव्या वर्षी आषाढात वसमतहून तार आली. सासरी त्यांची लेक अडली होती, पहिलं बाळंतपण होतं. ती तार तातेरावांनी स्वतःच्याच हातानं उतरवून घेतली. त्याच दिवशी त्यांचा चुलतभाऊ सोनाजी कनेरगावाकडून आला होता. औताचा फाळ लोहाराकडून करून घ्यायचा आणि परत जायचं, एवढंच त्याचं काम होतं.

“चार दिस घर बघ बाबा,” तातेराव त्याला म्हणाले.

पार्वतीबाईनं टांग्यात पाय ठेवला आणि मागं वळून दोन बोटं जुळवून दाखवली. “भावजी, मासळ्याला कणीक चिमूटभर. येवढीच.”

“वहिनी, चिमटीनं काय व्हतं? तुमी बिनघोर जा. मुकं जनावर उपाशी ठेवणारा माणूस न्हाई मी.”

पाण्याचं सांगायचं राहून गेलं. टांगा हलला.

सोनाजीनं त्या दिवशी दोन मुठी कणीक टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी, संध्याकाळी भाकरी आणि वर गुळाचा खडा. आणि आम्ही ते खाल्लं. इथं माझाही दोष आहे. मी घरातली थोरली. मी तोंड मिटलं असतं तर बाकीच्यांनी मिटलं असतं. पण पोट भरल्याचं मासळीला कळत नाही, ही आमच्या जातीची खोड आहे. उरलेली कणीक तळाशी बसून आंबली. पाणी पांढरं झालं, जड झालं. दम पुरेना म्हणून आम्ही वर येऊन तोंडं उघडू लागलो.

मासळीनं वर येऊन तोंड उघडलं की माणसाला वाटतं, ती मागते आहे. आम्ही श्वास मागत होतो. त्यानं आणखी भाकरी टाकली.

तिसऱ्या दिवशी अवस होती आणि सूर्याला गिऱ्हाण लागलं. गिऱ्हाण सुटल्यावर घरातलं भरून ठेवलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची, नवं भरायचं, ही घरोघरची रीत. सोनाजी रीतीला पक्का. आंघोळ करून त्यानं रांजण पालथा केला, मडकी पालथी केली. मग तो डोणीपाशी आला.

चिंचेनं घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या घंगाळात त्यानं आम्हांला काढलं. त्या तांब्याची कडू चव अंगाला झोंबली. डोणीतलं पाणी त्यानं केळीच्या आळ्यात सोडलं. मग राखेनं डोण घासली, इतकी की दहा वर्षांचं शेवाळ गेलं आणि खाली पांढरा दगड दिसला. एक बादली टाकून त्यानं ती विसळली. फटीतली राख फटीतच राहिली. आडातून तीस पोहरे काढले. वर तुळशीचं पान सोडलं. हात जोडले. आणि आम्हां पाचजणांना त्या थंडगार पाण्यात एकदम ओतलं.

“आता कशी निर्मळ झाली,” तो म्हणाला.

माझे कल्ले चुन्यानं भाजावेत तसे भाजले. जेवणवेळेच्या आधीच दोन्ही धाकटी उलटी झाली. लांब्या गोल गोल फिरू लागला. ठिपकी माझ्या पोटाखाली येऊन थांबली, लहानपणी यायची तशी.

त्याच वेळी तांड्यावरची भिकाबाई सरपणाची मोळी घेऊन अंगणात आली. सोनाजी डोणीवर वाकून बसला होता.

“काय करून राहिला रं भाऊ, डोणीत तोंड घालून?”

“मासळ्या मरून राहिल्या, भिकाबाई. वहिनीला काय तोंड दावू? म्या तर काही कमी केलं न्हाई. घासून दिलं, ताजं पाणी दिलं, तुळस बी टाकली.”

भिकाबाईनं मोळी उतरवली, पाण्यात हात घातला आणि बोटं चोळून पाहिली. “हे बुळबुळीत काहून लागतं? राखेनं घासली व्हय?”

“मग कशानं घासू? गिऱ्हाण व्हतं.”

“तुझ्या अंगाला राख फासून आडात सोडलं तर तू जगशील का? जुनं पाणी कुठंय?”

“आळ्यात. पर ते बाटलेलं हाय.”

“बरं. कयाधूचं पाणी बाटतं का गिऱ्हाणानं?”

“न्हाई. वाहत्या पाण्याला दोष न्हाई.”

“मग नदीला जा. मधल्या धारेचं आणू नको, कडंचं उथळ आण, उन्हानं तापलेलं. हे सारं मी काढते, मासळ्यापुरतं थोडं ठेवते. नवं हळूहळू घाल, तांब्यानं, डोक्याच्या वरून. पाण्याला वारा लागू दे. आन् भाकरीचा तुकडा टाकशील तर हात मोडीन.”

तो कावड घेऊन पळत गेला. कयाधूचं गढूळ पाणी घेऊन आला आणि तांब्या डोक्यावर धरून ओतू लागला. भिकाबाई थोडा वेळ बघून तांड्यावर निघून गेली. तो ओतत राहिला. दुसरी कावड आणली, तिसरी आणली. पुरेसं झाल्यावर डोणीतलंच पाणी तांब्यानं उचलून पुन्हा वरून सोडत राहिला. दिवेलागणीला लांब्या गेला. ठिपकी मात्र सावरली. तिनं शेपटी हलवली, धारेखाली जाऊन थांबली. मला वाटलं, वाचली.

उजाडलं तेव्हा ती भिंतीला टेकून आडवी तरंगत होती. सोनाजीनं तिला ओंजळीत काढलं, आळ्यात खड्डा केला. त्या दिवशी तो जेवला नाही.

मित्रांनो, कोणाचं मुकं जनावर चार दिवसांसाठी तुमच्या हाती आलं, तर त्याच्या धन्याला जाऊ देण्याआधी उंबऱ्यात अडवा आणि सगळं विचारून घ्या. मासळीला चिमूटभरच घाला. नाहीच घातलं तरी चार दिवसांत ती मरत नाही. ती वर येऊन तोंड वासू लागली तर खायला नको, पाण्याला वारा हवा असतो. जुनं पाणी सगळं कधी टाकू नका. ते तुम्हांला घाण दिसतं, पण त्यातच आमचं घर असतं.

सहाव्या दिवशी तातेराव एकटेच आले. लेक वाचली होती, तिचं मूल वाचलं नव्हतं. पार्वतीबाई तिच्यापाशी राहिली होती. सोनाजीनं काही लपवलं नाही. कणीक, राख, घंगाळ, सगळं सांगितलं. तातेरावांनी ऐकून घेतलं, डोणीत डोकावलं आणि डोळे पुसले. ते कोणासाठी पुसले, मला ठाऊक आहे.

“जाऊ दे रे,” ते म्हणाले. “मासळ्याच त्या. तू आणखी आठ दिस ऱ्हा. मला कामावर जावं लागंल, घरात कुणी न्हाई.”

ते आत गेले. सोनाजी डोणीपाशी उकिडवा बसला. मी वर आले, त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि बोलले. त्याला ऐकू गेलं की नाही, ते त्याचं तो जाणे.

“सोनाजी, खांदा सुजेस्तोवर तू पाणी ओतलंस, ते मी पाहिलंय. पण माझी लेक तुझ्याच हातानं गेली. तातेरावानं तुला सोडलं, त्याचं दुःख मोठं आहे. मी सोडणार नाही. तू वाईट असतास तर बरं झालं असतं, तुझ्यावर कोणी घर टाकलं नसतं. माफी मागायला बसला असशील तर ऊठ, ती मिळायची नाही. रांजण भरून उन्हात ठेव. उद्याचं पाणी तूच घाल. नवा माणूस शिकवून तयार करायला माझ्याकडे आता मासळ्या उरल्या नाहीत.”