स्लेजमधली जागा

दरवर्षी ईस्टरला बर्फावरून ओढायच्या स्लेजमध्ये बसून जायचा मान टोफेलचा. तेरा वर्षांचा कुत्रा, मागच्या पायांनी अधू झालेला. या वर्षी त्याला तिथे एस्पेनलाही जागा करून द्यायची होती, आणि ते त्याला अजिबात पसंत नव्हतं.

"सरक रे टोफेल," बोर्गहिल म्हणाली. "मामा येतोय तुझा."

"फार मजा वाटतेय ना तुला?" एस्पेनने आपल्या थोरल्या बहिणीला विचारलं.

"चाळीस वर्षं वाट पाहिली रे या दिवसाची. पाय आत घे."

डोंगरातल्या त्यांच्या लाकडी घराकडे स्कीवरूनच जावं लागे. वाट सात किलोमीटरची, आणि रानातल्या रेनडिअरमुळे तिथे गाड्यांना बंदी. एस्पेन नेहमी सगळ्यांच्या पुढे. शेवटच्या चढावर घड्याळ घेऊन उभा राहायचा आणि धापा टाकत येणाऱ्या बायकोला, बहिणीला वरून मिनिटं ओरडून सांगायचा.

फेब्रुवारीत त्याला सर्दी झाली. ताप अडतीस अंश सेल्सिअस. घाम निघाला की उतरेल, म्हणत तो तीस किलोमीटर स्की करून आला. चार दिवसांनी छातीत दुखू लागलं.

"साधाच विषाणू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पण घशातून रक्तात गेला आणि रक्तातून हृदयाच्या स्नायूत. त्याला हुसकायला शरीर तुटून पडलं, त्यात स्नायूच सुजला. अशा स्नायूला पळवलं तर ठोक्यांची लय बिघडू शकते. कधीकधी एकदाच बिघडते, कायमची."

"पण आता मला काहीच होत नाहीये."

"हो, आणि मला काळजी त्याचीच आहे. सहा महिने नाडी शंभरच्या वर न्यायची नाही."

त्याला दोनच महिने झाले होते. सुन्निवा आणि बोर्गहिल, त्याची बायको आणि बहीण, कमरेला पट्टे बांधून स्लेज ओढत होत्या. शेजारून जाणारे लोक आधी कुत्र्याकडे बघून हसत, मग त्याच्याकडे बघून हसू आवरत. एस्पेनने टोपी भुवयांपर्यंत ओढली.

गोठलेल्या तळ्याच्या काठावर संत्री खायला सगळे थांबले. तळं सपाट होतं, पलीकडचा काठ फार तर एक किलोमीटर. एस्पेनने पांघरुणाखालून स्की बाहेर काढल्या.

"अगं बाई!" बोर्गहिल म्हणाली. "मामाने सामान लपवून आणलंय."

"इथे कुठे चढ आहे? रमतगमत जातो."

"रमतगमत? तू? जेवायलासुद्धा शर्यत लावतोस."

तो निघाला. बर्फ घट्ट होता, स्की सुरेख सरकत होत्या, आणि चाळीसेक पावलांतच मनगटावरचं घड्याळ टुकटुक करू लागलं. शंभर. त्याने ते बंद केलं आणि कोणी पाहिलं का म्हणून मागे वळून बघितलं.

सुन्निवा त्याच्याकडे बघतच नव्हती. हातमोजा दातात धरून ती फोन उंच करत होती. आधी डावीकडे दोन पावलं, मग उजवीकडे.

"काय करतेस गं?"

"इथे रेंज येते का बघतेय, गरज पडलीच तर," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "नाही येत."

तिने फोन खिशात ठेवला आणि संत्र्याची सालं गोळा करायला लागली.

एस्पेन वळला, पाऊल पाऊल टाकत परत आला. स्की काढल्या आणि मुकाट्याने स्लेजमध्ये बसला. टोफेलने तेवढ्यात सगळी जागा बळकावली होती. त्याने नाइलाजाने एक पाय मागे घेतला. एस्पेनने घड्याळ पुन्हा सुरू केलं. एकशे चार. सत्त्याण्णव. ब्याण्णव.

शेवटच्या चढाला आल्यावर त्याने जरा चाचरत विचारलं, "वेळ मोजू का?"

"मोज की," बोर्गहिल धापा टाकत म्हणाली.

वर पोचल्यावर त्याने जाहीर केलं, "एकतीस मिनिटं. मागच्या वर्षी अठरा होती."

"मागच्या वर्षी," सुन्निवा कमरेचा पट्टा सोडत म्हणाली, "नव्वद किलोचं तोंड मागे बडबडत नव्हतं."

त्याने उरलेलं संत्रं सोललं. पहिली फोड तिला दिली.