झाडाजवळ ओ द्यायची नाही

पाडव्याच्या आधीचा शुक्रवार म्हणजे त्या शाळेत झाडाचा दिवस. सोनईच्या आसपास दुसऱ्या कुठल्या शाळेत असं काही नव्हतं. ही दानीएल गुरुजींनी पाडलेली रीत. होळी झाली की तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलानं गावाभोवतीचं एक झाड मनाशी धरायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि त्याच्यावर चार ओळींची कविता करायची. कवितेत झाडाचं नाव आलं की ती बाद. गुरुवारी वर्गात पहिल्या दोन ओळी म्हणायच्या आणि बाकीच्यांनी झाड ओळखायचं. शुक्रवारी एकेकट्यानं आपापल्या झाडापाशी जायचं, खोडाला हात लावून सबंध कविता आधी त्याला ऐकवायची आणि शाळेची घंटा होईपर्यंत तिथंच बसून राहायचं. घंटा झाली की परत येऊन शाळेसमोरच्या लिंबाखाली सगळ्यांसमोर म्हणायची.

एक नियम मात्र कडक होता. झाडाजवळ असताना कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. त्याला कारण होतं. पहिल्या वर्षी पोरं शाळेबाहेर मोकळी दिसली आणि आयांनी हाकांचा सपाटा लावला. कुणाला शेण गोळा करायला, कुणाला धाकट्याला सांभाळायला. निम्मा वर्ग परतलाच नाही. तेव्हापासून गुरुजी सांगत, "घंटा होईपर्यंत तुम्ही झाडाचे. घंटा झाली की आईचे."

निवृत्त झाल्यावरही या दिवशी ते काठी टेकत यायचे. लिंबाखालच्या खुर्चीवर बसायचे, घंटा स्वतः द्यायचे. झाडं तर ते बहुतेक पहिल्याच ओळीला ओळखत आणि तरीही पोराच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत ऐकत.

पौषात गुरुजी गेले.

त्यांची मुलगी दीना आता तिसरी-चौथीच्या वर्गावर होती. शेवगावहून बदली मागून घेऊन ती वडिलांजवळ आली होती. दफनाच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. लोक भेटायला आले की ती चहा टाकी, गुरुजींविषयी बोलणं निघालं की कप उचलून आत जाई. झाडाचा दिवस जवळ आला तशी तिनं मनाशी एकच गोष्ट ठरवली. सगळं त्यांच्यासारखं करायचं, एका काडीचा फरक करायचा नाही.

पण वर्ष तसलं नव्हतं. आदल्या पावसाळ्यानं पाठ फिरवली होती. अर्धं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. शेरडांना पाला म्हणून बाभळी ओरबाडून झाल्या होत्या, मग लिंबाच्या फांद्या, मग ज्याचं जे हाताला लागेल ते.

"बाई, माझं झाडच तोडलं," एका मुलीनं सांगितलं.

"मग दुसरं धर."

"दुसरं बी तोडलं."

गुरुवारी दोन-दोन ओळी झाल्या. चौथीतली राही उठली. गोजरबाईची मुलगी. बारीक चणीची, सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळणारी. हात मागं बांधून तिनं म्हटलं:

"सगळ्यांच्या झाडाकडं मान वर करा,
माझ्या झाडाकडं वाकून नजर धरा."

"भुईमूग!" गोरक्ष ओरडला.

"भुईमूग झाड हाय व्हय रं, येड्या?"

"मग मिरची."

"तुझ्या आयनं तुला मिरचीखाली झोपवलं हुतं का लहानपनी?"

वर्ग हसून लोळला. राही हसली नाही, तिनं फक्त मान हलवून नाही म्हटलं. दीनालाही ओळखता आलं नाही. ओढ्याकाठी एक बुटकी बोराटी होती, तिच्याकडे वाकूनच बघावं लागे. तीच असेल, असं समजून तिनं पुढच्या मुलाचं नाव घेतलं.

संध्याकाळी ती मुद्दाम मळ्यातल्या विहिरीवर गेली. शाळेपासून हाकेच्या अंतरावरची ती जुनी दगडी विहीर आटली होती. सरकारी कामात ती खोल करायचं चाललं होतं आणि रोज सुरुंग उडत. मुकादम कारभारी काठावर बसून तंबाखू मळत होता.

"उद्या सकाळी पोरं रानात असतील," ती म्हणाली.

"बिनघोर ऱ्हावा, बाई. सुरुंग दिस मावळताना. तवर पोरं घरी पोचत्यात." मग त्यानं तंबाखू तशीच हातात धरली. "गुरुजी असते तर मला समदी झाडं दाखवून गेले असते. ह्याच्यापाशी कोन, त्याच्यापाशी कोन."

ती परत फिरली.

शुक्रवारी सकाळी तिनं वडिलांची खुर्ची लिंबाखाली ठेवली आणि पोरांना सोडलं. एरवी पोरं झाडांआड दिसेनाशी होत. या वर्षी आड व्हायला पालाच नव्हता. उघड्या माळावर, खराट्यासारख्या खोडांना हात लावून बसलेलं एकेक पोर तिला स्वच्छ दिसत होतं.  इतकी उघडी, इतकी एकेकटी. ती पुन्हा पुन्हा नजर फिरवत राहिली. सगळी दिसत होती. राही तेवढी दिसत नव्हती. ओढ्याच्या दरडीमुळे बोराटी इथून दिसत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. थोड्या वेळानं पुन्हा समजावलं.

मग तिनं ठरल्या वेळेच्या आधीच घंटा दिली. लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर लोखंडी दांडा. गुरुजींची एक लकब होती. आधी दोन टोले संथ, मग न थांबता घाईघाईनं, घोडं उधळल्यासारखे. तिनं तसेच दिले.

पोरं धुरळा उडवत आली. "बाई, माझ्या झाडावर मुंगळं हुतं!" "बाई, हा मधीच उठून मुतायला गेल्ता!" "झाडाच्या मागं गेल्तो, बाई, झाडाला इचारून!"

"राही कुठाय?"

"भुईमुगाखाली गावली न्हाई अजून," गोरक्ष म्हणाला. पुन्हा हशा.

दीना शाळेमागच्या उंचवट्यावर गेली. तिथून दरडीखालची बोराटी दिसत होती. तिच्यापाशी कुणी नव्हतं.

"बाई, सुरुंग!" एक पोर आनंदानं ओरडलं.

विहिरीच्या काठावर काठीला बांधलेलं लाल फडकं वर गेलं होतं. काम करणाऱ्या बाया घमेली टाकून मुरमाच्या ढिगाऱ्याकडे पळत होत्या.

"संध्याकाळी ना सुरुंग?"

"आज सोनईचा बाजार हाय ना, बाई. माझी आय म्हनली, लौकर उडवून समदी बाजाराला जानार."

दीना त्या लाल फडक्याकडे बघत राहिली. सगळ्यांच्या झाडाकडे मान वर करा. माझ्या झाडाकडे वाकून. विहिरीच्या आतल्या भिंतीतून, मोटेचं पाणी ओतायच्या थारोळ्याखाली, दगडांच्या सांध्यात रुजलेला तो उंबर. गावातलं एकच झाड, ज्याला अजून पाला होता, कारण तिथवर ना शेरडू पोचत होतं ना कोयता. काठावर उभं राहिलं की ते पायाखाली दिसे. आणि आत पहारीचे ठोके चालू असताना तिथं घंटा ऐकू गेली नसणार.

"सगळे वर्गात. दार लावा. कुणी बाहेर आलं तर तंगडं मोडीन," ती म्हणाली. असं ती कधी बोलत नसे. पोरं चिडीचूप आत गेली. ती पळाली.

नऊवारीच्या निऱ्या एका हातात धरून ती ढेकळांतून धावत होती.  ढिगाऱ्याआडून, कामावर आलेल्या गोजरबाईनंच तिला आधी पाहिलं.

"अगं बया, बाई! हिकडं कुठं? मागं सरा, सुरुंग हाय!"

"राही... राही विहिरीत आहे."

गोजरबाई हसली. "माझी राही शाळंत हाय की."

दीना थांबली नाही. काठाशी पोचली तेव्हा कानिफनाथ, सुरुंग भरणारा, दुसऱ्या अंगाच्या पायऱ्यांवरून धापा टाकत वर येत होता. "वाती पेटवल्यात! सरा मागं!"

"आत मुलगी आहे. उंबरावर."

"न्हाई वो बाई, मी सकाळधरनं खालीच हाय. मला दिसली असती."

कारभारीनं तिचा दंड धरला. ती वाकली. खाली उंबराचा दाट, काळसर हिरवा पाला, त्याच्या कितीतरी खाली विहिरीचा तळ, आणि तळातून निघणारा निळसर धूर. फुसफुस ऐकू येत होती, सापासारखी.

"राही!"

काही नाही.

"राही, वर ये!"

पाला हलला. वारा नव्हता, आणि पाला हलला. कानिफनाथानंही ते पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. खाली जाऊन वाती उपटायला आता वेळ नव्हता. एक वात उपटेपर्यंत दुसरा सुरुंग उडाला असता.

तेवढ्यात गोजरबाई येऊन पोचली होती. ती काठावर पालथी पडली. "राहेऽ! अगं ए राहे! माझी बाय, ओ दे गं!"

आईच्या हाकेलाही ओ आली नाही. पाल्यात फक्त एक लहानसा हात दिसला, खोडाला घट्ट धरलेला. दीनाला त्या क्षणी कळलं, की पोरगी घाबरली आहे, तिला सगळं ऐकू येतं आहे, आणि ती तोंड मिटून बसली आहे. तिला तसंच सांगितलेलं होतं. दर वर्षी सांगितलेलं होतं. परवा दीनानं स्वतः बोट उगारून सांगितलं होतं, अगदी वडिलांच्याच शब्दांत.

तिनं दंड सोडवून घेतला. पायाशी एक घमेलं पडलं होतं, शेजारी पहारीला ठोकायचा हातोडा. घमेलं उपडं करून तिनं ते विहिरीच्या तोंडाशी धरलं आणि हातोडा मारला. एक. दुसरा. संथ. तिचं सगळं अंग घाई करत होतं, आणि हात संथ ठेवायचा होता. मग न थांबता, घोडं उधळल्यासारखे.

पाला दुभंगला. राहीचं डोकं वर आलं. मुळ्यांना धरत, दगडांच्या फटींत पाय रोवत ती पोरगी चढायला लागली. घंटा झाल्यावर चढावं तशी, नेमानं. कानिफनाथ काठावर आडवा झाला, त्यानं तिचं मनगट पकडलं आणि एका हिसक्यात तिला वर ओढलं. सगळे पळाले. ढिगाऱ्यामागं पडता पडताच जमीन हादरली. मग पुन्हा, आणि पुन्हा. दगड आभाळात गेले आणि पाठोपाठ मुरमावर, त्यांच्या आजूबाजूला, धप्‌धप् पडत राहिले. धुरळ्यात कुणाला कुणी दिसेना. दीनाच्या हातात राहीच्या परकराचं टोक होतं, ते तिनं सोडलं नाही.

धुरळा बसल्यावर गोजरबाईनं पोरीच्या एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग तिला छातीशी धरून गदागदा रडायला लागली.

"हाक मारत हुते न्हवं मी? तोंडात काय मिठाची गुळनी धरली हुती का?"

राहीचे दात वाजत होते. "घंटा झाली न्हवती," ती म्हणाली. मग दीनाकडे बघून, जणू आपलंच काही चुकलं असावं अशी, "बाई, माझी म्हनून झाली हुती कवाच. पन घंटा न्हाई झाली."

कारभारी टोपी काढून उभा होता. तो काहीतरी बोलू लागला, बाजाराचं, वेळेचं. दीनाला ते ऐकू येत नव्हतं. ती विहिरीशी गेली. उंबराची अर्धी बाजू फाटून खाली लोंबत होती. उरलेल्या अर्ध्यावर दगडांची पांढरी भुकटी बसली होती.

शाळेत आल्यावर तिनं दार उघडलं. पोरं एकमेकांना बिलगून कोपऱ्यात बसली होती. गोरक्ष रडला होता हे त्याच्या गालांवरून दिसत होतं. तिनं सगळ्यांना लिंबाखाली बसवलं. राही आईच्या पदरात तोंड खुपसून शेवटी बसली. दीना आधी त्यांच्यासमोर उभी राहिली. शेवटी ती मागं सरली आणि वडिलांच्या खुर्चीत बसली. सकाळपासून त्या खुर्चीला कुणी हात लावला नव्हता.

"ऐका," ती म्हणाली. "आजपासून एक नियम बदलला. झाडापाशी असा, कुठंही असा. हाक मारली की ओ द्यायची. लगेच."

 मग गोरक्षनं हळूच विचारलं, "पन बाई, गुरुजींनी तर सांगितलंय, द्यायची न्हाई. गुरुजी रागावतील."

दीनानं त्याच्याकडे पाहिलं. ते वाक्य तिनं अजून कुणासमोर उच्चारलं नव्हतं. चहा टाकताना नाही, लोक समोर बसलेले असताना नाही, रात्री एकटी असतानाही नाही.

"गुरुजी नाहीत रे आता," ती म्हणाली. "गुरुजी गेले. आता मी सांगते ते ऐकायचं."

लिंबाची सालटून काढलेली फांदी वर कुठंतरी करकरली. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग हजेरीपट न उघडताच तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. पहिल्या रांगेपासून, एकेक.

"गोरक्ष."

"ओ."

"छबू."

"ओ, बाई."

प्रत्येक नावानंतर तिच्या छातीत काहीतरी आवळत होतं आणि ओ आली की सुटत होतं. पुढचं नाव घेताना पुन्हा आवळत होतं. मळ्याकडून अजून सुरुंगाच्या दारूचा वास येत होता. नावं संपत आली, आणि शेवटचं घ्यायचं तिला धाडस होईना.

"राही."

पदराखाली काही हललं नाही. गोजरबाईनं मान खाली घालून पोरीकडे पाहिलं. सगळी पोरं मागं वळली. दीना खुर्चीचे हात धरून ताठ झाली.

"ओ," आवाज आला. अगदी बारीक.

दीनानं तिला पुन्हा हाक मारली.