थांबतात की विरतात

चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत महिन्यातल्या एका रविवारी दुपारी काही माणसं जमत आणि जमल्या जमल्या कानांवर हेडफोन चढवून गप्प बसत. लांबलचक टेबलावर वायरींचा गुंता, निरनिराळ्या घडणीचे हेडफोन आणि त्यांना ताकद पुरवणारे लहानमोठे डबे. एकाचं ऐकून झालं की तो आपला हेडफोन शेजाऱ्याला देई, शेजारी आपला त्याला देई आणि मग दोघंही अशा गंभीर चेहऱ्यानं ऐकत, की वाटावं, सोयरीक जुळणार की मोडणार ते आत्ताच ठरतंय.

धाकटी दारात येऊन उभी राहिली तेव्हा आत चौघं-पाचजण होते आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तिला घरात सगळे धाकटीच म्हणत. म्हणजे आई म्हणायची आणि दादा म्हणायचा. आता तसं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. दादा याच खोलीत बसायचा, याच माणसांत. काही महिन्यांपूर्वी तो झोपेतच गेला. त्याचा एक हेडफोन इथं राहिला होता, म्हणून दुकानाच्या मालकांचा, चष्मेवाल्यांचा, फोन आला होता. हेडफोन घ्यायचा, आभार मानायचे आणि निघायचं, असं ती बसमध्ये मनाशी घोकत आली होती.

चष्मेवाल्यांनीच तिला आधी पाहिलं. "या, या ताई. अगदी त्याचंच नाक!"

"बसायचं नाहीये मला. तेवढा हेडफोन..."

"देतो हो. पण आल्या पावली कुठं चाललात? आम्ही इतकी काही कंटाळवाणी माणसं नाही."

"आहोत," टेबलापलीकडून एक बाई म्हणाल्या. त्या औषधांच्या दुकानात बसत, म्हणून त्यांचं नाव फार्मसीबाई. "पण सवय होते."

त्यांच्या शेजारी केबलकाका. लिफ्ट दुरुस्तीत उभा जन्म गेलेला माणूस. वायर जितकी जाड तितका आवाज गोड, अशी त्यांची श्रद्धा. आजही मनगटाएवढी एक वायर ते सगळ्यांना कौतुकानं दाखवत होते.

"काका, या वायरीनं आवाज सुधारत असेल ना, तर माझ्याकडच्या एका गोळीनं अक्कलही वाढते," फार्मसीबाई म्हणाल्या.

"मग आधी तू घे, पोरी. गुण आला तर मी विचार करीन."

धाकटीला हसू आलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. ती टेकली. काय करता, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "हॉस्पिटलात टेलिफोनवर असते. येणारे फोन जोडून द्यायचे."

"म्हणजे दिवसभर हेडफोन!" काका खूश झाले. "अहो, तुम्ही तर आमच्यातल्याच."

"एकाच कानाला असतो. दुसरा साहेबांची बोलणी खायला मोकळा ठेवतात."

खोली हसली. त्या हसण्यात दादा कुठं बसत असेल, कसा हसत असेल, असं तिच्या मनात आलं आणि लगेच तिनं ते दूर सारलं. घरी तो हसत नसे. निदान शेवटच्या काळात नव्हता.

दादा आणि आई एकत्र राहत, ती सासरी. एका दुपारी आई शेजारच्या खोलीत पडली. तिनं दादाला हाका मारल्या असतील, नसतीलही. दादाच्या कानांवर बाहेरचं काही आत न येऊ देणारे जाड गाद्यांचे हेडफोन होते, त्यानं काही ऐकलं नाही. संध्याकाळी धाकटी सहज म्हणून आली आणि तिला आई दिसली, जमिनीवर. नंतर, जमलेल्या नातेवाइकांसमोर, ती त्याला म्हणाली होती, "आई हाका मारत गेली आणि तू कानांत बोळे घालून बसला होतास." दादा एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून बोललाच नाही.

गेल्या वर्षी, थंडी ओसरत आली होती तेव्हा, ती एकदा त्याच्याकडे गेली. तीन मजले चढून, माफी मागायची असं ठरवून. दार वाजवलं, हाक मारली. दार उघडलं नाही, तशी ती परत फिरली. एक जिना उतरून वळणावर आली, तोच वर कडी निघाल्याचा आवाज झाला. ती तिथंच थांबली. म्हटलं, हाक मारेल. त्यानं मारली नाही. मग तीही उतरून गेली.

त्यानंतर तिनं स्वतःची एक समजूत घालून घेतली होती आणि ती समजूत तिला फार उपयोगी पडत होती. दादाच्या कानांवर नेहमीप्रमाणे ती यंत्रं असणार. त्याला दार वाजल्याचं कळलंच नसणार. तो दुसऱ्याच कशासाठी बाहेर आला असेल. मी आले होते हेच त्याला ठाऊक नव्हतं, मग रागाचा प्रश्न येतोच कुठं? या समजुतीवर तिला रात्री झोप लागत होती.

"सुरू करू या का?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "ताई, बैठकीची सुरुवात आम्ही नेहमी दादाच्या 'दारा'नं करतो. आज तर तुम्ही आहात. ऐकूनच जा."

"दार?"

"त्यानं दिलेली फाइल आहे. त्याच्या घरातले आवाज. नवा हेडफोन आला की आम्ही आधी त्यावर 'दार' लावतो. सोनाराची कसोटी म्हणा ना."

केबलकाकांना समजावून सांगायची भारी हौस. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा ताई, आवाज उजवीकडून आला की उजव्या कानाला आधी कळतो आणि डाव्याला केसभर उशिरा. त्या केसभर फरकावरून आपलं डोकं ओळखतं की आवाज कुठून आला. बरोबर? तुमच्या भावानं काय केलं, तर मसुराएवढे दोन मायक्रोफोन घेतले आणि आपल्याच कानांत बसवले. त्याला जे जसं ऐकू आलं, तसंच त्यात उतरलं. आता आपण हेडफोन लावला, की आपण त्याच्या डोक्यात जाऊन बसतो."

"कधी करायचा तो हे?"

"अहो, नेहमीच! शेवटी शेवटी ते त्याच्या कानांतच असायचे. मी म्हटलं, गाणी ऐकणं सोडलंस की काय? तर म्हणाला, आता घरातलं सगळं ऐकायचंय."



"पण 'दारा'त एक वाद आहे," फार्मसीबाई म्हणाल्या. "कोणी एक बाई येते, दार वाजवते, जिना उतरते. मग यानं दार उघडल्याचा आवाज येतो. आणि तिची पावलं... आम्ही दोघं-तिघं म्हणतो, ती वळणावर थांबतात. चष्मेवाले म्हणतात, थांबत नाहीत, नुसती विरत जातात."

"विरतातच," चष्मेवाले म्हणाले. "आणि ती बाई नव्हे, माणसं दोन. एक बोटानं वाजवतो आणि एक तळव्यानं."

"'दादा, दादा' करते, म्हणजे सेल्सवाली असणार," काका म्हणाले. "मी दादाला विचारलंही होतं, कोण रे ही? तर म्हणाला, आहे कोणीतरी. आवाज चांगला आलाय ना?"

धाकटीला उठायचं होतं. पण चष्मेवाल्यांनी दादाचा हेडफोन तिच्या हातात ठेवला होता आणि त्याच्या गादीवर, उजव्या बाजूला, चष्म्याच्या काडीनं पडलेली खाच होती. तिनं त्या खाचेवर बोट ठेवलं आणि तो डोक्यावर चढवला. बाकीच्यांनीही आपापले लावले.

आधी पंखा. थेट डोक्यावर. तिनं वर पाहिलं. या खोलीच्या छताला पंखाच नव्हता. डावीकडे घड्याळ. मग कोणीतरी आवंढा गिळला, तिच्याच घशात गिळल्यासारखा, आणि त्यापाठोपाठ तिनंही गिळला. श्वास सुरू होता. उजव्या नाकपुडीतून जरा शीळ घातल्यासारखा. आईचा तसाच होता, दादाचा तसाच, तिचाही तसाच. आमच्या घरात चोरी लपायची नाही, आधी नाकच बोलेल, असं आई म्हणायची.

मग खालून पावलं चढत आली. समोरून, जरा उजवीकडून. थांबली.

बोटानं दोनदा. मग तळव्यानं एकदा.

धाकटी गर्रकन वळली. उजवीकडे चष्म्यांच्या काचा ठेवायचं कपाट होतं, दुसरं काही नाही. समोर बसलेल्या फार्मसीबाई हसल्या आणि हातानं 'असू दे' अशी खूण केली. सगळेच वळतात इथं.

"दादा," लाकडापलीकडून ती म्हणाली. "दादा, मी आहे."

तिचाच आवाज. जाड दारातून आलेला, मातीत पुरून काढल्यासारखा. हॉस्पिटलच्या टेलिफोनवर तिनं किती घाबरलेली माणसं ऐकली होती. त्यांच्यातलीच ही एक. हिला लगेच जोडून द्यायला हवं, असंच तिच्या मनात आलं.

खुर्ची सरकली. सावकाश, आवाज होऊ नये अशी. अनवाणी पावलं निघाली आणि धाकटी त्यांच्यासोबत निघाली, कारण ती त्याच्या डोक्यात होती, तिला राहायला दुसरी जागा नव्हती. पंखा मागे गेला. घड्याळ मागे गेलं. श्वासाचा आवाज बदलला, अगदी जवळ आला, समोरच्या लाकडावर आपटून परत आल्यासारखा. तो दाराला नाक लावून उभा होता. आणि पलीकडे, फळीच्या जाडीएवढ्या अंतरावर, ती उभी होती. "दादा, मी आहे," ती पुन्हा म्हणाली. आता तिच्या पिशवीचा बंद खसखसलेलाही ऐकू येत होता.

उघड, धाकटीनं मनात म्हटलं. अरे उघड. तिचा हात टेबलावरून उचललाही गेला. पण कडीवरचा हात तिचा नव्हता.

पलीकडची पावलं वळली, उतरू लागली. तेव्हा कुठं कडी निघाली. दार उघडलं आणि जिन्याची सगळी पोकळी एकदम कानांत शिरली. पावलं खाली जात होती. एक, आणखी एक. आणि वळणावर...

चष्मेवाल्यांनी फाइल थांबवली. हेडफोन गळ्यात ओढून ते सवयीनं म्हणाले, "बोला ताई. तुमचा कान ताजा आहे. थांबतात की विरतात?"

धाकटीनं हेडफोन काढला नाही. ती म्हणाली, "थांबतात."

"बघा!" काका म्हणाले. "मी सांगत होतो..."

"मी थांबले होते."

काकांच्या हातातली वायर टेबलावर पडली. फार्मसीबाईंनी तोंडावर हात नेला.

"माणसंही दोन नव्हेत," धाकटी म्हणाली. "मी आधी बोटानं वाजवते, मग तळव्यानं. लहानपणापासून." तिचा आवाज सरळ होता, फोन जोडून देताना असायचा तसा. "मला वाटलं होतं, त्याला ऐकूच आलं नाही. त्याला सगळं ऐकू आलं. मी वळणावर उभी आहे हेसुद्धा."

इतक्या वेळा ऐकलं होतं त्यांनी हे. जिना सिमेंटचा, दार सागवानी, बाईच्या पायात सपाट चपला, इतकं सगळं शोधून काढलं होतं. ती कोणाला शोधत आली होती, एवढंच काय ते कोणी विचारात घेतलं नव्हतं.

"तायडे," काका म्हणाले. "सेल्सवाली म्हटलं मी. माफ कर गं."

"पुढे काय आहे?" तिनं विचारलं.

"पुढे काही नाही," चष्मेवाले म्हणाले. "म्हणजे, फाइल बरीच लांब आहे. पण नुसती शांतता. तपासण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून आम्ही इथंच थांबवतो."

"शेवटपर्यंत ऐकलीय कोणी?"

चष्मेवाल्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीचे टेबलाकडे पाहत होते.

"लावा," धाकटी म्हणाली.

वळणावरची पावलं थांबलेलीच होती. वर दादाचा श्वास, खाली तिचा, वर ऐकू न येणारा. मग ती पावलं पुन्हा निघाली, आणखी खाली, आणखी खाली, आणि रस्त्यातल्या आवाजात मिसळली. आता तो आत जाईल. आता दार लावेल. ते दार तिला चांगलं ठाऊक होतं. त्याची कडी खांद्यानं रेटल्याशिवाय बसत नसे, आवाज केल्याशिवाय तर नाहीच. तिनं डोळे मिटले आणि त्या आवाजाची वाट पाहू लागली. तो आला की कळेल, रागानं लावलं की हळूच. निदान तेवढं तरी कळेल.

श्वास चालू होता. मागे, दूर, पंखा. खाली कोणाची तरी सायकल गेली. जिन्यात एक वेगळं माणूस चढू लागलं आणि श्वास अडला, पूर्ण अडला. ते माणूस पहिल्याच मजल्यावर कुणाच्या घरात शिरलं, तसा श्वास पुन्हा सुटला. दार उघडंच होतं.

खोलीतल्या माणसांनी एकेक करून आपले हेडफोन उतरवले. ऐकणं जमेना त्यांना. काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. फार्मसीबाईंनी पाण्याचा पेला भरून धाकटीच्या पुढ्यात ठेवला आणि तो तसाच राहिला.

बऱ्याच वेळानं समोर काही हललं म्हणून तिनं डोळे उघडले. चष्मेवाले लॅपटॉपच्या पडद्याकडे बोट दाखवत होते. पडद्यावरची रेघ टोकाला जाऊन थांबली होती. फाइल संपली होती. पंखा नव्हता, घड्याळ नव्हतं. पण उजव्या नाकपुडीतला श्वास शीळ घालत होताच, कानांच्या मधोमध, सावकाश. तिचा असेल. तिचाही तसाच होता.

कडी शेवटपर्यंत लागली नव्हती.

तिनं चष्मेवाल्यांकडे पाहून मान हलवली, इतक्यात नाही, आणि दोन्ही तळहातांनी हेडफोनच्या गाद्या कानांवर घट्ट दाबून धरल्या.