जावळ होईस्तोवर

गोपालचा स्वभाव गरीब, असं सगळं गाव म्हणे. मंगरूळपीरच्या बाजारात मेथी घेऊन बसला की गिऱ्हाईक म्हणेल तो भाव. घरात आई म्हणेल ते बरोबर आणि बायको म्हणेल तेही बरोबर. दोघी एकच गोष्ट म्हणत असल्या तर अशा माणसाचा संसार मजेत चालतो.

धाकट्या पवनच्या लसीच्या सुईवरून दोघींचं फाटलं.

थोरल्या लेकीनंतर, संस्कृतीनंतर, गोपालच्या बायकोची, तनुजाची, दोन बाळं पोटातच गेली होती. तेव्हा गोपालच्या आईनं, तुळसाबाईनं, देवीला नवस केला. नातू दे, त्याचं जावळ तुझ्या पायरीवर काढीन, आणि तोवर त्याच्या अंगाला लोखंड लागू देणार नाही. पवन झाला. दवाखान्यात जन्मल्या जन्मल्या टोचलं, त्यावर म्हातारीचं काही चाललं नाही. घरी आणल्यावर मात्र तिनं नेलकटर लपवून ठेवलं आणि पोराची नखं आपल्या दातांनी काढू लागली. पोलिओच्या रविवारी त्याला कडेवर घेऊन तीच सगळ्यांच्या आधी जाऊन बसे. थेंबांशी तिचं वाकडं नव्हतंच, वाकडं होतं ते सुईशी.

जावळ सहाव्या महिन्यात करायचं ठरलं होतं. पाचव्यात गोपालचे वडील नथ्थू गेले आणि वर्षभर घरात शुभकार्य बंद झालं. जावळ पुढं गेलं, आणि त्याच्यासोबत सुयाही.

पोर नऊ महिन्यांचं झालं तेव्हा गावची आशा सेविका संगीता घरी आली. तुळसाबाईही मळ्यातून नातवाला बघायला आलेली होती.

"काकू, गोवराची सुई हाये ही, चुकवू नका. आन् लोखंडाची नाई, स्टीलची रायते थे."

"मंग स्टील कायचं बनते?" तुळसाबाई म्हणाली.

"बकऱ्यायले तं टोचून घेता तुमी!"

"बकऱ्यायसाठी नवस नाई केला मी."

संगीताला हसू आवरेना. कार्डावर पुढच्या मंगळवारची तारीख टाकून ती गेली.

"मंगळवारी पवनले अंगणवाडीत नेऊन राह्यली मी," तनुजानं नवऱ्याला सांगितलं. "ने ना," तो म्हणाला. आईनं विचारलं तेव्हा तिला म्हणाला, "नाई नेत माय, तू घोर नको करू." दोघींनाही त्यानं मनापासून सांगितलं, हीच तर त्याची खोड.

नवरा गेल्यापासून तुळसाबाई मळ्यातल्या झोपडीतच राही. गोपाल तिला दोन्ही वेळचा डबा नेऊन देई. लेकाचा चेहरा तिला वाचता येत होता. सोमवारी दुपारी तिनं डबा उघडला आणि भाकर बकरीपुढं टाकली. संध्याकाळीही तेच. गोपाल रिकामा डबा घेऊन घरी आला आणि तनुजाला काही न सांगता तो घासून ठेवला. मंगळवारी सकाळी ती चहासुद्धा घेईना. झोपडीच्या कुडाला टेकून नुसती बसून होती. वडील जाऊन चार महिने झाले होते. आता आईही जाते, असं त्याला वाटलं.

तो गावाकडं निघाला, तर तनुजा समोरून येत होती. पवनला टोपडं घातलेलं, हातात कार्ड. हातपंपाच्या पुढं अंगणवाडी दिसत होती.

"वापस चाल," तो म्हणाला. "जावळ झालं का सगळ्या सुया देऊ. मी सोता नेतो."

त्यानं कारण सांगितलं नाही. तनुजा तशीच वळली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं पुढं त्याला रोज वाटायचं.

माघात गावात गोवर आला. पवनच्या अंगावर पुरळ उठलं तशी तुळसाबाई धावत घरी आली. तिनं उशाला कडुनिंबाचा डहाळा ठेवला आणि घरात फोडणी बंद केली. संस्कृती त्याच्याच अंथरुणात लोळायची, तिला काही झालं नाही. तिच्या सगळ्या सुया झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पोराचा श्वास वाजू लागला, तेव्हा म्हातारीच ओरडली, "बसले काय? उचला त्याले!"

वाशीमच्या दवाखान्यात पवनच्या हाताला, पायाला सुया लावल्या. तुळसाबाई पायथ्याशी बसून बघत होती. गोवर छातीत उतरला होता. चौथ्या दिवशी पहाटे पवन गेला. वर्षाचा व्हायला नऊ दिवस कमी होते.

पंधरा दिवसांनी संगीता एक कागद घेऊन आली. वरून भरून मागितला होता. बिचारीची मान वर होत नव्हती.

"गोपालभाऊ, लिवा लागते. सुई काहून राह्यली?"

"माहं नाव लिव," उंबऱ्यातून तुळसाबाई म्हणाली. "मीच आडवी आली."

गोपाल गप्प बसला असता तरी चाललं असतं. कागद भरला असता आणि संगीता निघून गेली असती.

"मायनं नाई," तो म्हणाला. "ही निंगाली होती. मी रस्त्यातून वापस आणलं."

"काहून आणलं?" तनुजानं विचारलं. पोर गेल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"माय दोन टाइमची जेवली नव्हती."

बोलल्यावर ते त्याच्याच कानांवर पडलं, आणि एवढ्याचसाठी आपण पोर घालवलं हे त्याला कळलं. तो खाली बसला आणि रडू लागला. तुळसाबाईनं पदर तोंडात कोंबला.

तनुजा रडली नाही. "थे मले सांगा लागत होतं ना," ती हळू म्हणाली. "सुई देऊन आली असती, आन् मंग मायले आपल्या हातानं जेवू घातलं असतं मी."