हे म्हणतात

फोन आला तेव्हा मी एका शिलाई मशीनच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. दुकानातला फोन बायकोने घ्यायचा, हा अकरा वर्षांचा शिरस्ता. म्हणून मी न बघताच तो उचलला आणि तिच्या स्टुलाकडे धरला. बराच वेळ कुणी घेईना. मग आठवलं, ती बँकेत गेली होती.

समोर शिंपीमास्तर बसले होते, आपलं मशीन तयार व्हायची वाट बघत. त्यांनी फोन घेतला. "हो, त्यांचंच दुकान," म्हणाले. मग नुसतंच "हो", "हो" म्हणत राहिले आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. फोन ठेवल्यावर त्यांनी आधी माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि मग सांगितलं. बँकेच्या रांगेत ती खाली बसली, ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं होतं.

मी काही बोललो नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय. बसलाच होता. पण नसता बसला तरी मी बोललो नसतो, कारण बोललं की माझ्या उजव्या गालात वीज पडायची.

हे दुखणं चेहऱ्याच्या नसेचं. एका सकाळी दात घासताना पहिल्यांदा कळ आली, ती इतकी जबर की ब्रश हातातून उडाला. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली. फरक पडेना म्हणून शेजारचीही काढली. दोन्ही ठणठणीत निघाल्या. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, दाढांचा काही दोष नाही, ही नस आहे. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी वीज कमी पडायची, पण मीही कमी पडायचो. सुईत धागा ओवायला बसलो की दोन सुया दिसायच्या.

पंख्याचा वारा लागला तरी कळ. दाढी करताना कळ, घास चावताना कळ, आणि बोलताना तर हमखास. मधे मधे चांगले आठवडे यायचे, नाही असं नाही. पण तेव्हाही मी भीतीने तोंड मिटूनच बसायचो. निजलेल्या कुत्र्याच्या बाजूने आपण हळूच जातो ना, तसं.

म्हणून माझ्या वतीने बायको बोलायला लागली. मी नुसती भुवई उचलायची, ती तिचं वाक्य करायची. सुरुवात नेहमी एकच, "हे म्हणतात."

एका बाईंनी मशीनमध्ये स्वयंपाकाचं तेल ओतून आणलं. सगळे भाग चिकटून बसलेले. मी बाईंकडे असं पाहिलं की समजणाऱ्याने समजावं.

"हे म्हणतात, घाबरू नका," बायको म्हणाली. "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं."

मी तसं मुळीच म्हणत नव्हतो. मी म्हणत होतो, डोकं ठिकाणावर आहे का?

"साहेब फार गोड स्वभावाचे आहेत," बाई म्हणाल्या. मी डोळे वटारले.

"हे म्हणतात, तुम्हीही."

अशी माझी ख्याती होत गेली. घरी जाताना लोक मला हात करायचे, मुलांना माझं उदाहरण द्यायचे. मी बायकोला चिठ्ठी लिहिली, 'मी जे म्हणतो तेच सांगत जा.' तिने वाचली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणता तेच सांगते. थोडं उशिराचं सांगते. दोन दिवसांनी राग उतरल्यावर तुम्ही जे म्हणाल ते."

आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात आवाज होता तो तिचा. ती गेल्यावर नळ गळत होता हे मला पहिल्यांदा ऐकू आलं.

तिला पोचवून आलो त्या दिवशी दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, राहतो परगावी. तेरा वर्षांपूर्वी त्याने वडिलांची खोली रिकामी करताना त्यांचं हाताने फिरवायचं मशीन मला न विचारता भंगारात देऊन टाकलं होतं. त्याच मशीनवर मी हे काम शिकलो. तेव्हा मी त्याला सांगितलं होतं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. आणि मी ते विसरलो नव्हतो.

तर हा गृहस्थ सरळ आत आला आणि मला मिठी मारली. डाव्या बाजूने मारली. उजवा गाल त्याने अलगद चुकवला.

"तू काही बोलू नकोस, छोट्या," तो रडत म्हणाला. "मला सगळं माहीत आहे."

काय माहीत आहे? मला म्हणायचं होतं, चालता हो. पण तोंड उघडायची सोय नव्हती, आणि माझी भुवई वाचणारी आता नव्हती. मी दाराकडे बोट दाखवलं. दादाने उठून दार लावलं, वारा येतो म्हणून.

तो चार दिवस राहिला. मी चार दिवस आतल्या आत भाषण तयार केलं.

दुकानात काही दिवस शिंपीमास्तरांनी बायकोची जागा चालवली. माणूस भला, पण भाषांतर अगदी अचूक. एका गिऱ्हाइकाने बॉबिन उलटी बसवून मशीन बिघडल्याची तक्रार आणली. मी नेहमीसारखं पाहिलं.

"मालक विचारतात, डोकं ठिकाणावर आहे का," मास्तर म्हणाले.

असे दोघेजण गेले ते परत फिरकले नाहीत. तिसऱ्या वेळी मी मास्तरांना हात जोडले.

डॉक्टर पाच वर्षं ऑपरेशनचं सांगत होते. बायकोही सांगत होती, मागे लागून सांगत होती. कवटी उघडायची म्हटल्यावर मी नकाराची मान हलवायचो. त्या एका बाबतीत मात्र तिने माझी मान कधी बदलून सांगितली नाही. डॉक्टरांना म्हणायची, "हे म्हणतात, नको. घाबरतात."

आता मी तयार झालो. कशासाठी, तर दादाला चार शब्द सुनावण्यासाठी. हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

सर्जन बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मेंदूजवळ एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर टेकली होती. प्रत्येक ठोक्याला ती नसेवर आपटायची. मी खाली लिहिलं, 'पट्टा वायरला घासतोय.'

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

'मग वॉशर घाला.'

बाई हसल्या. "तेच करणार. स्पंजासारखा छोटासा तुकडा मधे ठेवायचा. बहुतेकांना आराम पडतो. सगळ्यांना नाही. काहींचं काही वर्षांनी परत येतं. ऐकू येण्यावर थोडा परिणाम होऊ शकतो."

अकरा वर्षं हे दुखणं मला शाप वाटत होतं, आणि निघालं काय, तर वॉशर नसलेलं मशीन. मी सही केली. जवळचा नातेवाईक म्हणून दुसरी सही लागत होती. ती करायला दादा आला. दुसरं होतं कोण?

शुद्धीवर आलो तेव्हा कानामागे टाके होते, डोकं ठणकत होतं आणि उजव्या कानात मशीन रिकामं फिरल्यासारखी घरघर होती. बराच वेळ धीर होईना. मग बोटाने गालावर टिचकी मारली. काही नाही. जरा जोरात मारली. काहीच नाही. नर्सला वाटलं मी भ्रमात आहे. मी तिसरी मारणार तेवढ्यात तिने हात धरला.

हे बायकोला सांगायला मी मान वळवली. खुर्चीत दादा पेंगत होता.

तिसऱ्या दिवशी त्याने चमच्याने सूप पाजलं. मी ते गालात इकडून तिकडे फिरवलं, सावकाश गिळलं आणि तयार केलेल्या भाषणाचा पहिला शब्द उच्चारला.

"मशीन."

माझा आवाज मलाच गंजलेला वाटला. दादाच्या हातातला चमचा थांबला.

"वडिलांचं मशीन," मी म्हणालो.

दादाचा चेहरा असा फुलला की मला पुढचं आठवेना. "ते वाक्य म्हणणार आहेस ना?"

"कुठलं वाक्य?"

"अरे, तूच तर निरोप धाडलास! सहा वर्षं झाली. तिचा फोन आला. म्हणाली, भाऊजी, हे म्हणतात, मशीन मला दुसरं मिळेल, दादा कुठून आणू?" दादाने डोळे पुसले. "मी भंगारवाल्याकडे दोनदा गेलो होतो रे. तोवर त्याने फोडून टाकलं होतं. तुला सांगायला तोंड नव्हतं. तुझा निरोप आला त्या दिवशी मी पोटभर जेवलो. त्यानंतर दर गुरुवारी तुझी खबर घ्यायचो तिच्याकडून."

गुरुवारचे फोन! मला वाटायचं तिच्या बहिणीचे आहेत.

"मग घरी का नाही आलास?"

"तूच म्हणालास ना, नको म्हणून. बोलता येत नाही त्याची लाज वाटते, बरा झालो की ये."

मी म्हणालो होतो! सहा वर्षं मी आपल्या भावाशी दर गुरुवारी बोलत होतो, आणि मला पत्ता नव्हता. बायको दोन दिवस पुढचं सांगायची म्हणे. या बाबतीत ती कित्येक वर्षं पुढे गेली होती आणि मला सोबत न्यायचं विसरली होती.

दादा खुर्ची पुढे सरकवून बसला. "आता तोंड मोकळं झालंय. एकदा तुझ्या आवाजात ऐकव ना."

खरं सांगावं तर सहा वर्षं ज्या वाक्यावर तो जेवला ते त्याच्या ताटातून ओढून घ्यायचं. ते वाक्य म्हणावं तर ते माझं नव्हतं, तिचं होतं. मला तेव्हा दोन्ही जमेना. मी उजव्या गालावर हात ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"नको, नको!" दादा घाबरून उठला. "बोलू नकोस. घाई नाही काही."

त्याला आता आठ महिने झाले. गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. कानातली घरघर थोडी राहिली आहे, तिची सवय झाली. मी टोस्ट कडकडा खातो, वाऱ्यात चालतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. माझा स्वभाव गोड नाही हे बऱ्याच जणांना कळलं आहे, तरी दुकान चालतं. मास्तर म्हणतात, "मालक, जरा मालकीणबाईंसारखं बोला." मी प्रयत्न करतो. तिला वाक्य सुचायला डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच वेळ लागायचा. मला अर्धा दिवस लागतो.

दादा दर गुरुवारी येतो. आम्ही भांडतो, हसतो, तिच्याबद्दल बोलतो. मशीनचा राग मी शोधतो, पण तो आता हाताला लागत नाही. मग बोलता बोलता दादा मधेच गप्प होतो आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो. तेव्हा मी चहा टाकायला उठतो.

हॉस्पिटलात त्या दिवशी माझा गाल दुखत नव्हता, हे दादाला सांगायचं राहिलं आहे. ते वाक्यही मी अजून म्हटलेलं नाही.