विहीणबाईंचा साचा

आपली विहीण बंदूक चालवते, ही गोष्ट विभावरीबाईंनी कोल्हापुरात कुणाला म्हणून सांगितली नव्हती. सांगणार तरी कशी? लेक जर्मनीत इंजिनिअर, जावई गोरा, इथपर्यंत नातेवाइकांनी कसंबसं गिळलं होतं. त्यावर सत्तरीला टेकलेली विहीण ठासणीची बंदूक घेऊन दर शनिवारी कागदावर बार काढते म्हटलं असतं, तर लोकांनी तोंडाशी नेलेला चहा खाली ठेवला असता.

विहीणबाईंचं नाव हानेलोरे. हाडापेरानं मजबूत, आवाज खणखणीत, आणि हसल्या की भिंतीपलीकडे ऐकू जाणार. हेर्त्सोगेनआउराखजवळच्या खेड्यात मुलाच्या घराला लागूनच त्यांचं घर. ऊर्मिला सासूला सरळ नावानं हाक मारते, हे विभावरीबाईंना अजून पचलेलं नाही. त्या आपल्या 'विहीणबाई'च म्हणत. बाकी इतक्या वर्षांत दोघींचं बोलणं 'हालो', 'गुट, गुट', नको असेल तर 'नाइन' आणि भरपूर माना हलवणं यापलीकडे गेलं नव्हतं.

यंदा विभावरीबाई आल्या आणि दुसऱ्याच सकाळी नाश्त्याच्या टेबलावर खडाजंगी. जावयानं, म्हणजे टोबियासनं, एक गोल डबी आईपुढे सरकवली. आईनं ती परत सरकवली. त्यानं पुन्हा सरकवली. मग विहीणबाईंनी काहीतरी असं बोलून टाकलं, की टोबियास ब्रेडला नुसतंच लोणी लावत बसला.

"काय झालं गं?" विभावरीबाईंनी लेकीला हळूच विचारलं.

"काय होणार? हट्ट!" ऊर्मिला वैतागली होती. "हिवाळ्यापासून यांचा हात थरथरतो. शनिवारी फेराइनची वर्षाची मोठी स्पर्धा आहे, गावचा क्लब गं. बंदूक टेकवायला स्टँड चालतो तिथे, वय झालेल्यांना सूट असते, म्हणजे नेम धरता येतो. पण गोळ्या यांना घरीच ओतायच्या असतात! वितळलेलं शिसं थरथरत्या हातानं कसं ओतणार? म्हणून टोबियासनं रेडीमेड आणल्या. फॅक्टरीच्या, एकसारख्या, एकदम परफेक्ट. तर म्हणतात, नको."

"का नको, ते विचार की."

ऊर्मिलानं विचारलं. विहीणबाईंनी डबीतली एक गोळी काढून टेबलावर गडगडवली आणि सावकाश सांगितलं. ऊर्मिलाचा स्वर भाषांतर करता करता खाली आला. "म्हणतात, विकतची गोळी चुकली तर बोल कुणाला लावू? माझी चुकली तर मला कळतं, कुठे घाई झाली. वडिलांनी गोळ्यांचा साचा हातात दिला तेव्हाच ठरवलं होतं, ज्या दिवशी स्वतःला ओतता येणार नाही, त्या दिवशी बंदूक जमा करायची. आता शनिवारी जाते, सगळ्यांना भेटते आणि देऊन येते."

इतकं बोलून बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. डोळे कोरडे होते, पण मांडीवरचा हात दुसऱ्या हातानं घट्ट दाबून धरला होता.

विभावरीबाईंना हे सगळं ओळखीचं होतं! विमानाच्या वेळी बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा त्यांनी साड्या बाहेर काढल्या होत्या, पण चकलीची भाजणी काढली नव्हती. "आई, इथे इंडियन शॉपमध्ये सगळं मिळतं," असं ऊर्मिला फोनवर ओरडत होती. मिळत असेल बाई. विकतच्या भाजणीची चकली बिघडली तर दोष कुणाला द्यायचा, हेच तर या बाई म्हणत होत्या.

"त्यांना विचार," त्या म्हणाल्या, "पळी मी धरली तर चालेल का?"

"आई! वेड लागलंय का? तीनशे डिग्रीच्या वरचं शिसं असतं ते!"

"आणि उकळत्या तेलात चकल्या कोण सोडतं घरी, तू?"

ऊर्मिलानं कपाळाला हात लावला, पण विचारलं. विहीणबाई चालेल म्हणाल्या नाहीत, चालणार नाही असंही म्हणाल्या नाहीत. त्या उठल्या, बशीतल्या कपात काठोकाठ कॉफी भरली, ती विभावरीबाईंच्या हातात दिली आणि बागेच्या टोकाला असलेल्या लाकडी खोलीकडे बोट केलं. विभावरीबाई उमजल्या. पदर खोचला, कपावर नजर ठेवली आणि ओल्या गवतातून चालत गेल्या. दाराशी पोचून कप फळीवर ठेवला. बशीत थेंब नव्हता.

"आल्झो!" विहीणबाई म्हणाल्या, म्हणजे 'चला तर!', आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

मग तयारी! अंगावरची जॉर्जेटची साडी बघून विहीणबाईंनी दोन्ही हात हलवले. ठिणगी पडली तर असलं कापड कातडीला चिकटतं. ऊर्मिलाच्या सुती कपड्यांवर चामड्याचा एप्रन आला, तो घोट्यापर्यंत. पायात विहीणबाईंचे बूट, त्यात मोजे कोंबून. वर चष्मा आणि हातमोजे. "फोटो काढून कोल्हापूरला पाठवू का?" ऊर्मिलानं चिडवलं. "पाठवून तर बघ," विभावरीबाई म्हणाल्या. दार-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या आणि ऊर्मिलाला उंबऱ्यावर उभं केलं.

विजेच्या शेगडीवर लोखंडी भांडं होतं. त्यात शिशाचे तुकडे पडले होते, गावच्या चर्चचं जुनं छप्पर काढलं त्यातले. काळपट, वाकडे, भंगारवालाही नाक मुरडेल असे. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक तुकडा जागच्या जागी बसला. दुसरा त्यात विरला. विहीणबाईंनी वरची काजळी बाजूला सारली, आणि खाली जे होतं ते बघायला विभावरीबाई पुढे सरकल्या.

"अगं बाई!"

चांदीच जणू. नाही, चांदीही इतकी जिवंत नसते. त्या भंगारात आता छताचं लाकूड दिसत होतं, खिडकी दिसत होती, खिडकीतलं आभाळसुद्धा दिसत होतं. एवढ्या वर्षांच्या स्वयंपाकात तूप कढताना पाहिलं, पाक उकळताना पाहिला, पण असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. ज्याच्या नावानं लोक घाबरतात, ते मुळात इतकं देखणं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्या बघतच राहिल्या.

आणि तिथेच घोटाळा झाला. भांडं तापलं की नाही हे बघायचं, तर धिरड्याचा तवा तापलाय का हे जसं आयुष्यभर बघितलं, तसाच त्यांचा हात आपसूक चालला. चष्मा सारखा करायला एक हातमोजा काढलेला होता. फळीवर ऊर्मिलाचा पाण्याचा ग्लास होता. बोटं बुडाली, हात भांड्याकडे वळला, आता फक्त शिंतडायचं बाकी होतं.

"नाइन!"

मनगट कुणीतरी पकडलं आणि त्या मागच्या भिंतीला जाऊन टेकल्या. विहीणबाईंनी त्यांना नुसतं ओढलं नव्हतं, स्वतः मधे उभ्या राहिल्या होत्या. ऊर्मिला किंचाळली, "आई, पाणी नाही! थेंबभर जरी आत गेलं तरी वाफ होऊन सगळं शिसं तोंडावर उडतं!"

विभावरीबाई नुसत्या "चुकलं, चुकलं," म्हणत राहिल्या. मग त्यांचं लक्ष मनगटाकडे गेलं. विहीणबाईंची पकड अजून तिथेच होती, लोखंडासारखी. आणि तो हात अजिबात थरथरत नव्हता.

विहीणबाईंनाही ते दिसलं. त्या आपल्याच हाताकडे परक्याचा असल्यासारख्या बघत होत्या. त्यांनी मनगट सोडलं, ग्लास उचलून पाणी लांब गवतात फेकलं, हातमोजा चढवला आणि आशेनं पळी उचलली. भांड्यातून पळी वर आली आणि थरथर परत आली. शिसं पळीच्या काठावरून लवंडलं आणि फळीवर थिजलं. क्षणभर त्यांनी डोळे मिटून घेतले.

पण बाई खमक्या. पळी त्यांनी विभावरीबाईंपुढे धरली. मग साचा उचलला, वडिलांचा, लाकडी मुठी घासून काळ्या झालेला, आणि फळीच्या काठावर घट्ट टेकवला. बंदूक जशी टेकवायची, तसाच. टेकल्यावर हात स्थिर झाला.

साचा धरणार एक, ओतणार दुसरी. मानेनं खूण झाली आणि विभावरीबाईंनी धार सोडली.

पहिली गोळी सुरकुतलेली निघाली. विहीणबाईंनी ती परत भांड्यात टाकली.

"पहिलं धिरडं!" विभावरीबाई म्हणाल्या. ऊर्मिलानं ते जर्मनमध्ये सांगितलं, आणि विहीणबाई अशा हसल्या की टोबियास घरातून बाहेर येऊन बघून गेला.

साचा तापत गेला तशा गोळ्या गुळगुळीत येऊ लागल्या. विहीणबाई शिशाच्या रंगाकडे बघून थांबवायच्या, मानेनं सोडायला सांगायच्या. धार तुटली की वळ पडतो, हे विभावरीबाईंना लवकरच कळलं. साचा उघडायचा, आणि जुन्या टॉवेलवर एक थेंब पडायचा, टपोरा, चकाकता, अजून ऊन. प्रत्येक वेळी विभावरीबाईंना वाटायचं, आता सवय होईल. सवय झाली नाही. "घरची ती घरचीच," त्या पुटपुटल्या.

"वास?" विहीणबाईंनी विचारलं, म्हणजे 'काय?'.

ऊर्मिलानं अर्थ सांगितला. "गर्ची," विहीणबाईंनी म्हणून बघितलं, आणि पुढची गोळी येईपर्यंत तेच घोकत राहिल्या. शेवटी दोघींनी साबण लावलावून हात धुतले. विभावरीबाईंच्या सासूबाईंच्या सोवळ्यातही इतके धुवावे लागले नव्हते.

शनिवारी फेराइनच्या हॉलमध्ये सगळं गाव लोटलं होतं. हानेलोरे आज बंदूक ठेवणार, ही बातमी सगळ्यांना होती, म्हणून माणसं जरा जास्तच प्रेमानं हस्तांदोलन करत होती. टोबियासनं विकतची डबी खिशात घेतलेली, उगीच, असावी म्हणून.

विहीणबाई बसल्या. दारू घातली, कापडाच्या तुकड्यात गोळी ठेवली, ठासली. बंदूक स्टँडवर टेकली. विभावरीबाईंनी कानांवरचं झाकण दोन्ही हातांनी दाबलं आणि देवाचं नाव घेतलं. मग बार झाला. छातीत घुमला. पांढऱ्या धुराचा लोट उठला, दिवाळीच्या सकाळचा वास आला आणि त्या वेड्यासारख्या हसायला लागल्या. कागद दोरीवरून सरकत जवळ आला. भोक काळ्या वर्तुळात होतं, अगदी मधोमध नाही, जरा डावीकडे.

देखरेखीला असलेल्या म्हाताऱ्यानं कागद न्याहाळला आणि दरवर्षीसारखं विचारलं, "स्वतः ओतलेली, हानेलोरे?"

"नाइन," विहीणबाई म्हणाल्या.

टोबियासनं मान खाली घातली. ऊर्मिलानं आईचा दंड धरला. म्हाताऱ्याचा हात बंदूक घ्यायला नकळत पुढे आला.

विहीणबाईंनी बंदूक दिली नाही. मागे वळून त्यांनी विभावरीबाईंचं मनगट पकडलं, तेच, आणि त्यांना सगळ्यांसमोर ओढून उभं केलं.

"गर्ची," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

त्यांचा हात आता थरथरत होता, चांगलाच. विभावरीबाईंनी त्यावर आपला दुसरा हात ठेवला आणि तो तसाच धरून राहिल्या, दुसरी गोळी भरायची वेळ होईपर्यंत.