माप न घेता शिवलेले शर्ट

मुलाने शर्टाचं दुसरं बटण काढलं आणि हात तिथेच थांबला. तिसऱ्या बटणापर्यंत तो जाईना.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. तपासणीच्या खाटेवरची चादर त्यांनी उगाचच सारखी केली. दाराशी उभी असलेली सिस्टर खिडकीचा पडदा नीट करू लागली. तो आधीच नीट होता. या खोलीत सोळा-सतरा वर्षांची मुलं येतात तेव्हा पहिली पाच मिनिटं अशीच जातात, हे दोघींनाही पाठ होतं.

"मॅडम, शर्टावरूनच नाही का बघता येणार?"

"येईल की. मग ऑपरेशनही शर्टावरूनच करू."

मुलगा हसला नाही, पण त्याने बटणं काढली. शर्ट खुंटीला अडकवला आणि दोन्ही हातांची घडी छातीवर घालून तो खाटेवर बसला. खांदे पुढे ओढलेले, पाठीला पोक. उंचापुरा मुलगा, पण पेटीत कोंबून ठेवल्यासारखा दिसत होता.

त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी बाईंनी वाचली होती. रक्ताचे रिपोर्ट चांगले होते, बाकीची तपासणीही त्यांनी करून घेतली होती. बाईंनी त्याला आडवं केलं, बोटं चोळून गरम केली आणि चिमटीत धरून दोन्ही बाजू तपासल्या. स्तनाग्राच्या मागे घट्ट गोल चकती हाताला लागत होती. नुसती चरबी असती तर अशी लागली नसती.

"कधीपासून?"

"अडीच वर्षं झाली. आधी दुखायचं. आता दुखत नाही, पण जातही नाही."

"काय काय करून पाहिलंस?"

मुलाने छताकडे बघत यादी सांगितली. रोज शंभर जोर. एक वेळचं जेवण बंद. मग छातीभोवती फडकं घट्ट बांधून शाळेत जाणं. एकदा खेळाच्या तासाला फडकं सुटून शर्टाखालून लोंबायला लागलं, तेव्हापासून खेळही बंद. पोहणं तर त्याआधीच सुटलं होतं. वर्गातल्या पोरांनी त्याला काय नाव ठेवलं होतं ते त्याने सांगितलं नाही, आणि बाईंनी विचारलंही नाही.

"यात तुझी काहीच चूक नाही," बाई म्हणाल्या. "वयात येताना निम्म्याहून जास्त मुलांना थोडंफार होतं हे. कुणी बोलत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं की जगात आपण एकटेच. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. तुझं राहिलं. जोर काढून ते जात नाही, मागचा स्नायू वाढला की उलट जास्त उठून दिसतं. पण काढता येतं. स्तनाग्राच्या कडेने छोटासा छेद घेऊ. व्रण त्या कडेतच लपून जाईल."

मुलगा उठून बसला. पहिल्यांदाच त्याने बाईंकडे सरळ पाहिलं.

"खरंच जातं?"

"जातं. काही आठवडे घट्ट पट्टा बांधून राहावं लागेल. त्याची तुला सवय आहेच म्हणा."

या वेळी तो हसला. बाईंना बरं वाटलं. मग त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, नेहमीच्याच सुरात.

"बाहेर बाबा बसलेत ना? त्यांची सही लागेल. तू अजून अठराचा नाहीस."

हसू मावळलं.

"त्यांना माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"हे. छातीत चमक येते, एवढंच सांगितलंय मी." त्याने पुन्हा हातांची घडी घातली. "घरात कुणालाच माहीत नाही. मी बनियनवर पण बसत नाही. झोपतोसुद्धा शर्ट घालून. आणि बाबा... त्यांच्याशी असलं काही बोलता येत नाही मॅडम. दुकानात गिऱ्हाइकांशी दिवसभर गप्पा, घरी आले की 'जेवलास का' आणि 'झोप आता'. त्यांना सांगायचं असेल तर राहू द्या. मी राहीन असाच."

तो हे रागाने बोलला नाही, म्हणूनच बाईंना ते खरं वाटलं. अडीच वर्षं एकट्याने सोसून हा मुलगा इथपर्यंत आला होता आणि बापाला दोन वाक्यं बोलायला नकोत म्हणून परत जायला निघाला होता. त्यांनी आजवर कितीतरी बापांना समजावलं होतं. काही चिडले, काही रडले, एकाने तर बायकोलाच दोष दिला. या मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुझा बाप तसला नसेल?

मुलगा खाली उतरला. शर्ट बाईंच्या हाताशी होता, म्हणून त्यांनी तो खुंटीवरून काढून त्याच्यापुढे धरला. आणि धरूनच ठेवला.

शर्ट हाताला जड लागत होता.

बाईंचं निम्मं आयुष्य टाके घालण्यात गेलं होतं. शिवण दिसली की त्यांची नजर तिथे अडकायची, लग्नाला गेल्या तरी लोकांच्या कपड्यांचे काठ बघत बसायच्या. शर्ट गडद निळा होता, त्यावर बारीक ठिपके. रेघा नाहीत, चौकटी नाहीत, कारण रेघ उंचवट्यावर वाकते आणि चुगली करते. खांदपट्टीतून दोन सैल चुण्या सोडलेल्या, त्यामुळे कापड छातीला न चिकटता सरळ खाली उतरत होतं. दोन्ही बाजूंना झाकणाचे खिसे. त्यांनी शर्ट उलटा केला. आतून खांद्यापासून बरगडीपर्यंत मऊ कॅनव्हासचा थर होता, कोटाला लावतात तसा, आणि तो मशीनवर नाही, हाताने टाचलेला. शेकडो टाके, आणि प्रत्येक टाक्यात बाहेरच्या कापडाचा एकच धागा उचललेला. वरून सुईचा मागमूस नाही. इतकी सफाई आपल्या हाताला आहे का, असा प्रश्न बाईंना पडला आणि उत्तर फारसं आवडलं नाही.

"कुणी शिवला हा?"

"बाबांनी. आमचं शिवणकामाचं दुकान आहे."

"सगळे शर्ट असेच?"

"हो. शाळेचेसुद्धा. बाकीच्यांना एक खिसा, मला दोन. कापड उरलं होतं म्हणाले."

"माप कधी घेतलं होतं?"

"मी घेऊच देत नाही. एकदा ते टेप घेऊन आले, तेव्हा मी आरडाओरडा केला होता. त्यानंतर त्यांनी टेप काढलाच नाही. म्हणाले, तुझं माप माझ्या डोळ्यांत आहे."

बाईंनी शर्ट उलटाच त्याच्या हातात दिला.

"हे बघ. कॉलरला आतून कडक कापड घालतात, एवढं मलाही कळतं. शर्टाच्या छातीला कॅनव्हास कोण लावतं?"

"टिकतो म्हणून लावलाय. ते म्हणाले..."

अस्तरावरून त्याचा अंगठा फिरत राहिला. शिंप्याच्या घरातला मुलगा होता, शर्ट छातीवर झिजत नाही, कॉलरला आणि कोपराला झिजतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"पहिला असा शर्ट कधीचा?" बाईंनी विचारलं.

"मी पोहणं सोडलं..." त्याचा आवाज बारीक झाला. "त्याच आठवड्यातला."

सिस्टर पडदा सोडून जागेवर उभी राहिली. मुलगा पुन्हा खाटेवर बसला आणि त्याने शर्ट मांडीवर घेतला. मनगटाने त्याने डोळे पुसले.

"त्यांना माहीत आहे," तो म्हणाला.

"बोलावू?"

"बोलवा."

वडील आत आले. ठेंगणे, चष्मा कपाळावर चढवलेला, खिशाच्या कडेला दोऱ्यासकट सुई टोचलेली. ती काढायची ते विसरले होते. उघडा बसलेला मुलगा दिसताच त्यांनी नजर वळवली आणि भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे बघत उभे राहिले. बाईंनी मुलाला सांगितलं होतं तेच त्यांनाही सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर तक्त्यालाच विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"माझ्यामुळे उशीर झाला का, मॅडम?"

"नाही. आधी आला असतात तर मीही थांबायलाच सांगितलं असतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला.

"एकदाही विचारलं नाहीत याला?" बाईंनी जरा धारेवरच धरलं.

"ओठावर यायचं. पण मी विचारलं आणि हा मेल्याहून मेल्यासारखा झाला तर? म्हटलं, त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल. तोवर आपल्याला जे येतं ते करावं. उन्हाळ्यात कॅनव्हासने याला घामोळं येतं. ते दिसायचं मला. पातळ करून बघितला, पण पातळ केला की लपत नव्हतं. चार वेळा उसवला."

बाईंनी फॉर्म आणि पेन पुढे सरकवलं. वडिलांनी चष्मा नाकावर घेतला आणि सगळा फॉर्म वाचून सावकाश सही केली.

"बाबा," मुलगा म्हणाला.

"हं."

"तिकडे काय बघताय? इकडे बघा."

तो खाटेवरून उतरून उभा राहिला. हात दोन्ही बाजूंना खाली, खांदे मागे. वडिलांनी वळून पाहिलं. अडीच वर्षं ते नुसत्या अंदाजाने कापत आले होते. आता त्यांनी नीट पाहिलं, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, कारागीर बघतो तसं. चष्म्याआड डोळे भरून आले होते, तरी पाहणं अर्धवट सोडलं नाही.

"डावीकडे मी अर्धं बोट जास्त धरलं होतं," ते म्हणाले.

मुलाला हसू फुटलं. इतकं, की त्याला खाटेचा आधार घ्यावा लागला. वडीलही हसले, आणि सिस्टरने तोंड वळवलं.

"चल, शर्ट घाल आता. पंखा चालू आहे, गार लागेल."

"घालतो बाबा," मुलगा म्हणाला. "जरा वेळाने."